बसून जेवायची पैज

...आणि मला सांगा, एका माणसाला जेवायला हत्यारं किती लागतात? सात! मोजली मी. बसल्या बसल्या दुसरं काय करणार? दोन सुऱ्या, तीन काटे, दोन चमचे, त्यातला एक तर वरच्या अंगाला आडवा झोपलेला, आणि ताट? ताट रिकामं. पांढरंशुभ्र टेबल, मधे मेणबत्ती, सात हत्यारं, आणि खायला म्हणाल तर फक्त ती मेणबत्ती. माझ्या कॅन्टीनमध्ये सहाशे माणसं एका चमच्यानं जेवून उठतात... म्हणजे प्रत्येकी एका हो, सगळ्यांत मिळून एक नाही, नाहीतर उद्या माझ्या नावानं तक्रार टाकाल. तर सांगायचं काय, मला घाई नव्हती. अजिबात नव्हती. जेवण कधी येतंय एवढंच मी त्या वाढप्याला विचारलं, आणि तेही तीनदाच.

आता तुम्ही म्हणाल, कॅन्टीन चालवणारा माणूस त्या फ्रेंच हॉटेलात कडमडला कशाला? बरोबर आहे तुमचं, मीही स्वतःला तेच विचारत होतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे ते. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणारा, मधे हे. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं, तेव्हा मी बिनधास्त आत जायचो. आता खिडकीला अर्ध्यापर्यंत जाळीचा पडदा, बाहेर फळ्यावर खडूनं वळणदार काहीतरी लिहिलेलं, वाचता आलं तरी कळू नये असं, आणि आत टेबलं किती? नऊ. नवांवर दोन-दोनच माणसं, आणि तीही एकमेकांचे हात धरून. अहो, हात धरून बसल्यावर जेवणार कशानं? सहा वर्षं झाली त्या हॉटेलाला, आणि सहा वर्षं आमची ही तिथून जाताना पाऊल हळू करते. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते, म्हणजे तेवढंच थांबायला निमित्त. मी आपला पुढे. लॉन्ड्रीपाशी पोचल्यावर माझ्या लक्षात यायचं की आपण मघापासून एकटेच बोलतोय.

एकतीस वर्षं मी कारखान्याचं कॅन्टीन चालवलं. सहाशे माणसं, पंचेचाळीस मिनिटं, भोंगा ते भोंगा. पहिल्या भोंग्याला दार उघडलं पाहिजे, दुसऱ्या भोंग्याला टेबलं पुसून कोरडी पाहिजेत. आणि नियम एकच, मी स्वतः भिंतीवर रंगवून घेतलेला, हातभर अक्षरात... 'रिकाम्या हातानं कुणीही फिरणार नाही.' म्हणजे वाढायला गेलात ना, मग येताना खरकटी भांडी घेऊन या. जाताना भरलेले हात, येताना भरलेले हात. आणि मी स्वतः जेवायचो कसा? उभ्यानं. बॉयलरपाशी. चार मिनिटांत. आता ही सवय माणूस कपड्यांबरोबर काढून खुंटीला टांगतो का? नाही ना? घरीही मी ओट्यापाशी उभ्यानं जेवायचो, आणि ही स्वतःचं वाढून घेऊन टेबलाशी बसेपर्यंत माझे हात धुऊन झालेले असायचे, मी स्टुलावर चढून पंख्याचा स्क्रू पिळत असायचो. ही खाली एकटी जेवत्येय आणि वरून भुसा पडतोय. 'अहो, पंख्याला काय झालंय?' 'काही नाही, पण बघून ठेवतोय.' एकतीस वर्षं तो पंखा मी बघून ठेवला. आता तो चालत नाही.

तर झालं काय, कंपनीचं पत्र आलं. या महिन्याच्या अखेरीला निवृत्त व्हा, नाहीतर दुसऱ्या गावी नवा कारखाना निघालाय, तिथलं कॅन्टीन दोन वर्षं बघा, राहायला खोली देऊ, एकट्यापुरती. जायचं असेल तर पुढच्या सोमवारपर्यंत सही करून कळवा. मी म्हटलं, नको. गुडघे दुखतात. आणि दुसरं म्हणजे... हे हिला कधी सांगितलेलं नाही, तुम्हाला म्हणून सांगतो... शेजारी ही नसली की मला झोप लागत नाही. कूस बदलत पडतो नुसता. तेव्हा म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता घरी बसणार.

'बसणार?' ही म्हणाली. 'तुम्ही?'

'का? मी का नाही बसणार?'

'सकाळपासून तीन नळ उघडून बंद केलेत. डब्यांची उतरंड लावलीत, मग उंचीप्रमाणे लावलीत, मग परत होती तशी लावलीत. रविवारी ही तऱ्हा. रोज घरात राहिलात तर मला दुसऱ्या गावी खोली घ्यावी लागेल.'

आणि मग तिनं पैज मांडली. साधी हो, दिसायला साधी. म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला जायचं. माझ्यासमोर बसायचं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. 'बसून दाखवलंत, तर घरी बसा खुशाल. उठलात, तर सोमवारी सही.' मी हसलो. जेवायला असा किती वेळ लागतो? चार मिनिटं. फार तर सहा, बाहेरचं आहे म्हणून.

गेलो. दारात मालकीणबाई, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात, नाव बघून घेतलं, टेबल दाखवलं. वाढपी आला, माझ्याच वयाचा, पांढरा एप्रन घोट्यापर्यंत, आणि आवाज? आवाज असा की कुणी आजारी झोपलंय शेजारच्या खोलीत. 'नमस्कार... आज संध्याकाळ... निवांत घालवू या.' घालवू या काय, घालवू या! मी संध्याकाळ घालवायला नव्हतो आलो, वाचवायला आलो होतो. त्यानं आमच्या हातात चामड्याचं एकेक पुस्तक दिलं. माझ्या पुस्तकात बदकापुढचा आकडा बघून माझे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात आमच्या कॅन्टीनचं एका पाळीचं नुसतं वरण नाही, तर फोडणीसकट सगळं जेवण निघतं. मी हिला म्हटलं, 'आकडा बघितलास?' ही म्हणाली, 'कुठला आकडा?' हिच्या पुस्तकात आकडेच नव्हते! मी वाढप्याकडे बघितलं. तो कुजबुजला, 'बाईसाहेबांच्या कार्डावर किंमत नसते, साहेब. इथली पद्धत आहे.' बघा म्हणजे, निवडायचं हिनं आणि घाम मला. ही इतक्या मोकळ्या मनानं बोटं ठेवत गेली ना त्या पानांवर... इतकी वर्षं बरोबर आहे, बाजारात तिला असं बोट ठेवताना मी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगतो, बरं वाटलं मला. घाम येतच होता, पण बरंही वाटलं.

मग पाव आला. मी खाल्ला. टोपलीभर होता, संपला. ही म्हणाली, 'अहो, हे जेवण नव्हे.' मग अकरा मिनिटं काही नाही. मला घाई नव्हती हो, पण अकरा मिनिटांत माझ्याकडे दीडशे माणसं जेवून हात धुतात. पाय हलायला लागला. टेबलावरचे ग्लास किणकिण करायला लागले, मेणबत्ती लवायला लागली. हिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. शेजारच्या टेबलावरची दोन तरुण पोरं आमच्याकडे बघून गोड हसली. त्यांना वाटलं, या वयातही काय प्रेम आहे. अहो कसलं प्रेम, ब्रेक होता तो!

बाराव्या मिनिटाला वाढपी दोन चमचे घेऊन आला. एकेका चमच्यात पेरूच्या बीएवढं काहीतरी. 'ही आमच्या स्वयंपाक्याकडून भेट... मंद आचेवर चार तास...' मी गिळलं. म्हणजे समोर आलं, गिळलं, यात माझं काय चुकलं? चार तास शिजलेलं चार सेकंदांत गेलं. बिचाऱ्यानं उरलेलं सगळं वर्णन माझ्या रिकाम्या चमच्याकडे बघत पूर्ण केलं. हिनं मात्र तेवढ्याशा चमच्याचे तीन घास केले, आणि डोळे मिटले. डोळे मिटून खाताना मी हिला पहिल्यांदाच बघत होतो... पहिल्यांदाच म्हणजे, आजवर मी तेव्हा पंख्यापाशी असायचो ना.

मग कांद्याचं सूप. त्यावर चीजचं झाकण, आणि झाकणाखाली नुसता लाव्हा. दीड मिनिटात संपवलं मी, जीभ सोलली, पण संपवलं. ही फुंकर मारत्येय. एक फुंकर... थांबते... दुसरी फुंकर. मला घाई नव्हती, पण मी तिला म्हटलं, 'दोन वाट्यांत ओतून घे, लवकर निवतं.' तिनं चमचा खाली ठेवला.

'काहीतरी बोला ना,' ती म्हणाली.

'काय बोलू?'

'काहीही. इतकी वर्षं आपण समोरासमोर बसून जेवलोय कधी? मला तुम्हाला एक सांगायचंय.'

'सांग की.'

आणि ती सांगायला लागली हो. खरंच लागली. 'हे बघा, तुम्ही दिवसभर बाहेर असता तेव्हा...' आणि तेवढ्यात तो वाढपी आमच्या टेबलाजवळून गेला. स्वयंपाकघराकडे. रिकाम्या हातानं! शेजारच्या टेबलावर खरकट्या बशा नऊ मिनिटं पडलेल्या, पलीकडच्या टेबलावर ग्लास, आमची सूपची भांडी, आणि हा गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून, चालत... देवळात प्रदक्षिणा घालावी तसा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बसून राहिलो. शपथेवर सांगतो, बसून राहिलो. फक्त हातांचं सांगता येत नाही. हातांनी काय केलं, माझं भांडं हिच्या भांड्यात ठेवलं. हिचं अर्धं व्हायचं होतं हे नंतर कळलं. मग चमचे एका दिशेला. मग पावाचा चुरा तळव्यानं टेबलाच्या कडेला, आणि कडेवरून दुसऱ्या तळव्यात. मग जरा वाकून शेजारच्या टेबलावरच्या दोन बशा. त्या पोरांनीही उचलून दिल्या, वरून 'थँक यू' म्हणाली. मग पलीकडचे ग्लास. आता मला सांगा, कोपरापर्यंत भांड्यांची चळत हातात घेऊन माणूस बसून राहू शकतो का? मी उठलो नाही हो. भांडी उठली, मी त्यांच्या मागून गेलो.

दाराला ढुशी दिली आणि आत... काय सांगू तुम्हाला. वाफ, गर्मी, कढयांचा आवाज. एवढ्या वेळात पहिल्यांदा मला श्वास घेता आला. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर, भांडी घासणारा त्या दिवशी आलेलाच नव्हता. स्वयंपाकी एक उंच, वाळका, उदास चेहऱ्याचा माणूस, एका कढईपुढे उभा राहून सॉसकडे नुसता बघतोय. मी म्हटलं, 'काय बघताय?' तो म्हणाला, 'सॉस... विचार करतोय.' अहो, सॉस विचार करतोय म्हणे! मी म्हटलं, 'त्याचा विचार होईपर्यंत मी एवढी भांडी काढतो, पाच मिनिटं.' बाह्या सरसावल्या. भांडी काढली, पुसली, बशा गरम करायला लावल्या, टेबलांचे नंबर फळीवर ओळीनं लिहिले आणि ओरडलो, 'तीन नंबर, दोन बदकं! पाच नंबर, एक मासा! चला, उचला, उचला!' स्वयंपाकी आधी दचकला, मग त्याला जोर चढला. कुठेतरी खोल आत त्याच्यातही एक कॅन्टीनवाला होता बघा. वाढप्याला मी दोन्ही हात भरून बाहेर पाठवला आणि दोन्ही हात भरून आत बोलावला. तो पळायला लागला! बारा मिनिटांत नवांपैकी आठ टेबलांचं जेवण बाहेर. आठ! मी स्वतःवर इतका खूश... आणि तो वाढपी धापा टाकत आत आला, आता कुजबुजायलाही दम नाही. 'साहेब... चार नंबरचे लोक म्हणताहेत... त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि कॉफी आली.'

'मग?'

'सात नंबरच्या साहेबांना काहीतरी महत्त्वाचं विचारायचंय बाईंना. ते म्हणतात, मी वाक्य सुरू केलं की दर वेळी एक बशी येते. आणि दोन नंबर निघालेसुद्धा, चुकून. जेवण संपल्यावर काय करायचं त्यांना सुचेना.'

मी म्हटलं, 'आणि आठ नंबर?' फळीवर आठ नंबरपुढे दोन बदकं लिहिलेली, एकही गेलेलं नाही. तो म्हणाला, 'साहेब, आठ नंबर तुम्हीच.'

मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटांसाठी आलो होतो, चाळीस झाली होती. ही बाहेर, एकटी, मेणबत्तीपुढे. 'मला एक सांगायचंय' म्हणून तिनं सुरुवात केलेली, आणि समोरून सूपही गेलं, मीही गेलो. दोन्ही बदकं दोन हातात घेतली, दार ढकललं, बाहेर आलो... आठ नंबर रिकामं. खुर्ची मागे सरकवलेली. रुमाल घडी करून ठेवलेला. सांगतो तुम्हाला, एकतीस वर्षांत कॅन्टीनला दोनदा आग लागली, पण छातीत असं धस्स झालं नव्हतं. वाटलं, घरी गेली. वाटलं, घरी जाऊन माझी बॅग भरायला घेतली असणार. बदकं हातात, आणि मला ती ठेवायचं सुचेना.

आणि मग आवाज आला. दाराकडून. मऊ, शांत, अगदी त्या हॉटेलाचाच असावा असा. 'नमस्कार. आतले लोक जरा लवकर उठताहेत आज. पण तुम्ही घाई करू नका, या, असे बसा.' बघतो तर ही! दारातल्या टेबलामागे उभी, कानाला फोन, हातात पेन्सिल, समोरच्या वहीत नावं लिहित्येय. कारण काय, तर टेबलांवर जी धांदल उडाली ती आवरायला मालकीणबाई आत धावल्या, इकडे दारात लोक उभे, फोन वाजतोय, उचलायला कुणी नाही. सहा वेळा वाजला, सातव्यांदा ही उठली. मी म्हटलं, 'तू उठलीस!' ती म्हणाली, 'पैज तुमची होती. माझी नव्हती.'

तेवढ्यात मालकीणबाई आल्या, आमच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि हिचा हात हातात घेऊन काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. तिथे कुणाचंच काही ऐकू येत नाही.

मग आम्ही बसलो. बदक थंड. मी मान खाली घालून एकेक घास चावला, बत्तीस वेळा, मोजून. शेवटी म्हटलं, 'सोमवारी सही करतो.'

'नका करू,' ती म्हणाली. 'घरी या. दोन वर्षं तुम्ही तिकडे आणि मी इकडे, मला नाही जमायचं. हेच सांगणार होते मघाशी.'

काय वाटलं म्हणून सांगू तुम्हाला! मी म्हटलं, 'मग त्या पैजेचं काय?'

'हरलात ना. पण मीही अर्धा तास एकटी बसले तिथे, आणि बसल्या बसल्या कळलं. अहो, तुम्हाला वाटतं, मला बसायची सवय आहे म्हणजे मला बसायला आवडतं? एकतीस वर्षं ताट वाढून बसले, तुम्ही यायची वाट बघत. आलात की चार मिनिटं, आणि मग पंखा. आज त्या फोनपाशी उभी राहिले, आणि काय छान वाटलं मला.' मग तिनं वरचा तो आडवा चमचा उचलला, कॅरॅमलचं पुडिंग तोडलं आणि शांतपणे म्हणाली, 'मालकीणबाई विचारत होत्या, रोज सहा ते नऊ येशील का म्हणून. मी हो म्हटलंय. आता तुम्ही बसा.'

झाले दोन महिने. निवृत्त झालो, हारतुरे झाले, भाषणं झाली. आता रोज पावणेसहाला ही चांगली साडी नेसते, चष्म्याला साखळी लावते आणि जाते. मी घरी. बसलेला. ताटं वाढून ठेवतो साडेआठलाच, मग झाकतो, मग झाकण काढून बघतो. सव्वानऊला येते. 'जेवलात का?' 'नाही, तुझ्यासाठी थांबलोय.' 'अहो, मी तिकडेच जेवले.' मग मी एकटा जेवतो. हल्ली बसूनच जेवतो, उभं राहायचं कुणासाठी?

परवा शेवटी मनाचा हिय्या केला आणि फोन लावला हॉटेलात. म्हटलं, दोन माणसांचं टेबल हवंय. एक मी, आणि दुसरी तुमच्या दारात उभी असते ती बाई, तिला एका संध्याकाळची सुट्टी द्या. फोन हिनंच उचललेला. माझा आवाज ओळखला, नाही असं नाही, पण त्याच मऊ सुरात म्हणाली, 'साहेब, पुढच्या महिन्यापर्यंत एकही टेबल रिकामं नाही. नाव लिहून घेते. वाट बघाल ना?'

आता हिनं विचारल्यावर नाही कोणत्या तोंडानं म्हणू? म्हटलं, बघतो बाई. लिही नाव.